सारवलेली भेग

कात्रजच्या वरच्या अंगाला, जिथे रस्ता संपतो, डोंगर सुरू होतो आणि तरीही घरं काही संपायचं नाव घेत नाहीत, तिथल्या एका बोळात चांगुणाबाई राहतात. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, पडवीत एका डब्यात तुळस आणि भिंतीला टेकवलेली रंगरावांची सायकल. रंगराव म्हणजे त्यांचे यजमान. मार्केट यार्डात हमाली करतात. बोलायचं खातं त्यांनी लग्न झाल्यापासून बायकोकडे सोपवलेलं आहे आणि त्यांची त्याबद्दल काही तक्रार नाही.

चांगुणाबाईंचं काम पोळ्यांचं. सकाळी धनकवडीपासून सुरुवात करायची, बिबवेवाडी, सहकारनगर अशी घरं उरकत दुपारी परत यायचं. कुणाला फुलके लागतात, कुणाला घडीच्या. कुणाचं तेल डॉक्टरांनी बंद केलेलं असतं आणि तो डॉक्टरांवरचा राग चांगुणाबाईंच्या पोळीवर काढतो. त्या ऐकून घेतात आणि लाटत राहतात. ‘निम्मं पुणं माझ्या हातचं जेवतं,’ असं त्या शेजारणींना सांगतात. ही बढाई आहे, पण फार मोठी नाही.

त्यांच्या हातचं जेवत नव्हतं असं एकच माणूस होतं. त्यांची आई, गोदाबाई.

यात भांडणतंटा काही नव्हता. गोदाबाईंची केळदवाडी वेल्ह्याच्याही पुढे, डोंगराला पाठ लावून बसलेली. तिथली जुनी रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या सासरी जेवायचं नाही. नातवंड झालं की मग काय हवा तो पाहुणचार. बहुतेकांचा हा उपास वर्षा-दोन वर्षांत सुटतो. हल्ली तर तो पाळतंच कोण? पण गोदाबाई पाळत होत्या, आणि चांगुणाबाईंना मूल झालं नाही, म्हणून तो तीस वर्षं चालू होता.

रंगरावांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा गोदाबाई आल्या होत्या. येताना फडक्यात भाकऱ्या बांधून आणल्या. भाकऱ्या वाळल्या तशा त्या बोळाच्या तोंडाशी असलेल्या सार्वजनिक नळाच्या पाण्यात भिजवून खाल्ल्या. भाकऱ्या संपल्यावर गाडीवरची केळी. आत गॅसवर लेकीनं कौतुकानं वरणभात केलेला, आणि आई पडवीत बसून केळं सोलतेय, असा तो देखावा होता. ‘माझ्या आईचं पथ्य लई कडक हाय बाई,’ असं शेजारणींना हसत सांगून चांगुणाबाई आत गेल्या आणि पदर तोंडात धरून रडल्या. गरम तव्यावरची भाकरी आईच्या ताटात टाकावी, तिनं ती फुंकर घालत मोडावी, एवढंच त्यांना हवं होतं. एवढं सोडून आयुष्यानं त्यांना बाकी बरंच काही दिलं.

माहेरचा ओढा तर असा, की कात्रजच्या डोंगराला ढग टेकले की त्यांचा हात लाटण्यावर थांबायचा. हा पाऊस सकाळीच आपल्या वाडीवर पडून आला असणार, आता खाचरं तुडुंब असतील, आई ओसरीला इरलं टांगून शेकत बसली असेल, असं सगळं त्यांना दिसायचं. जिच्या घरी पोळ्या चालू असतील ती बाई म्हणायची, ‘‘अहो, पोळी करपतेय.’’ मग त्या परत पुण्यात यायच्या.

दर वर्षी नागपंचमीला त्या माहेरी जायच्या. दोन वर्षांपूर्वीच्या पंचमीलाही गेल्या, आणि वाडीच्या वळणावर उतरल्याबरोबर त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. डोंगर उघडाबोडका दिसत होता. वरचा माळ पुण्याच्या कुणा साहेबानं घेऊन त्याचे प्लॉट पाडले होते. घरांना खालची दरी दिसावी म्हणून हिरड्याची, जांभळीची जुनी झाडं काढून टाकली होती. तिथवर मोटारी जाव्यात म्हणून वाडीच्या पाठीमागे डोंगराचा पायथा जेसीबीनं कापून रस्ता केला होता, आणि निघालेली माती लोटून दिली होती थेट ओघळीत. ही ओघळ म्हणजे वरचं सगळं पाणी वाडीच्या बाजूनं खाली नेणारी वाट. ती आता दिसतच नव्हती. वर मोठा बोर्ड मात्र होता. निसर्गाच्या सान्निध्यात, असं त्यावर लिहिलेलं. निसर्ग जरा बाजूला सारून मग त्याचं सान्निध्य विकायचं, हा धंदा पुण्याच्या आसपास बरा चालतो.

घरी पोचल्या तर मागचं दार लागेना. चांगुणाबाईंनी जोर लावला तरी दार चौकटीत बसेना. धाकटा भाऊ जयसिंग म्हणाला, ‘‘आक्का, म्या दोनदा रंधा मारला त्याला. फुगलंय पावसानं.’’ झऱ्यावर गेल्या तर बारमाही काचेसारखं असणारं पाणी तांबडं येत होतं. गोठ्याच्या कोपऱ्यात जमिनीतून नवाच पाझर फुटलेला. आणि मागच्या अंगणात सणाचं सारवण घातलेलं, त्यात एक लांबलचक पट्टा जरा जास्तच गुळगुळीत दिसत होता. चांगुणाबाईंनी पायाच्या अंगठ्यानं दाबून पाहिलं. शेणमातीचा थर आत गेला आणि खाली भेग लागली. हात घातला तर मनगटापर्यंत गेला.

‘‘आये, हे काय?’’

‘‘काय न्हाई. भुई तडकती पावसाळ्यात,’’ गोदाबाई म्हणाल्या. ‘‘म्या बुजवती आन सारवती. चार दिसानं परत तडकती. परत सारवती.’’

‘‘भुई उन्हाळ्यात तडकती आये. पावसाळ्यात न्हाई.’’

‘‘पुन्याला जाऊन लई शानी झालीस,’’ गोदाबाई म्हणाल्या आणि लेकीची ओटी भरायला तांदूळ पाखडायला बसल्या. सणाच्या दिवशी अंगणात भेग दिसू द्यायची म्हणजे काय, हेच त्यांना कळत नव्हतं. आलागेला काय म्हणेल?

सहकारनगरातल्या परचुरेबाई निवृत्त शिक्षिका. जन्मभर मुलींना भूगोल शिकवला आणि एकीनंही त्याचा काही उपयोग झाल्याचं कळवलं नाही, ही त्यांची तक्रार. एकट्या राहतात, तीन पोळ्या लागतात आणि त्या तीन होईपर्यंत ओट्याशी स्टूल टाकून बोलत बसतात. पंचमीहून परतल्यावर चांगुणाबाईंनी त्यांना दाराचं, झऱ्याचं आणि भेगेचं सांगितलं. सांगितलं ते सहज, पोळी उलटता उलटता. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

‘‘भेग सारवली? वा! म्हणजे डोंगराला कळायला नको, की आपण फाटलोय.’’

‘‘काही होईल का हो बाई?’’

‘‘गॅस बंद करा आणि ऐका. आपला डोंगर म्हणजे खाली काळा पाषाण. वर मुरूम आणि माती. पाऊस लागून राहिला की पाणी मातीतून उतरतं, पाषाणाशी येऊन अडतं. मग माती वरून जड आणि खालून निसरडी. तिला धरायला झाडांची मुळं होती, ती काढलीत. खालून टेकू द्यायला पायथा होता, तो रस्त्यासाठी कापलात. जास्तीचं पाणी न्यायला ओघळ होती, ती भरावानं बुजवलीत. आता त्या डोंगरानं थांबायचं ते कुणाच्या तोंडाकडे बघून?’’

पोळपाटावर तेल सांडलं की पोळी लाटण्याबरोबर सबंध सरकत जाते, हे चांगुणाबाईंना कुणी शिकवायला नको होतं. त्या एकदम खालीच बसल्या.

‘‘घाबरू नका. शिकलेल्यांतही शहाणे फार नाहीत,’’ परचुरेबाई म्हणाल्या. ‘‘आमच्या सोसायटीच्या मागे डोंगर कापून भिंत घातलीय. मागचं पाणी निघून जावं म्हणून भिंतीला भोकं ठेवलेली. गाड्यांवर लाल पाणी गळतं म्हणून सेक्रेटरींनी ती सिमेंटनं बुजवली. मी म्हटलं, गाडी धुता येते. भिंत अंगावर आली की धुवायला कोण उरणार? शेवटी उघडली भोकं. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत, तो वेगळा फायदा.’’

मग त्यांनी एकेक गोष्ट सांगितली, आणि चांगुणाबाईंकडून वर्गातल्यासारखी म्हणून घेतली. सारवणं आधी बंद. भेगेच्या दोन्ही अंगांना खुंट्या ठोकायच्या आणि मध्ये दोरी ताणून बांधायची. दोरी तुटली तर समजायचं, डोंगर चालू लागला. उघड्यावर सरळ उभ्या कडांचा डबा ठेवायचा आणि एका दिवसात त्यात वीतभर पाणी भरलं तर वाट बघायची नाही, निघायचं. तेवढं भरलं नाही पण पाऊस दिवसामागून दिवस लागूनच राहिला, तरी निघायचं. झरा जास्त गढूळ झाला किंवा भर पावसात एकाएकी आटला, झाडं कलली, जमिनीतून घरघर आली, तर त्या क्षणी. आणि पळायचं ते ओढ्याच्या वाटेनं खाली नाही, कारण मातीही त्याच वाटेनं येते. आडवं पळायचं, बाजूच्या पक्क्या कातळावर. गुरांची दावी आधीच सोडून ठेवायची. औषधं, कागद, बॅटरी एका पिशवीत दाराशी. एकदा बाहेर पडलं की कशासाठीही परत जायचं नाही.

‘‘आणि तहसीलदारांना अर्ज द्या. त्यांचा माणूस येऊन बघून जाऊ दे. तो येईपर्यंत मात्र दोरी,’’ असं म्हणून परचुरेबाईंनी गॅस परत पेटवून दिला.

चांगुणाबाईंनी हे सगळं फोनवर जयसिंगला सांगितलं. वाडीत रेंज देवळाच्या माळावरच येते, त्यामुळे तो ऐकत होता तेव्हा निम्मी वाडी भोवती उभी होती. हसणारे हसले. पण दोरी बांधली, आणि पहिल्याच आठवड्यात ती तटकन तुटली तेव्हा हसणाऱ्यांनीच दुसरी आणून बांधली. अर्ज गेला. तालुक्याहून माणसं आली, बघून गेली, पावसाळ्यात खाली राहायला जा म्हणून नोटीस लावून गेली. पाळीपाळीनं दोघांनी जागायचं आणि काही वेगळं दिसलं की परात बडवायची, असं ठरलं. कातळावर जायची आडवी पायवाट तोडून मोकळी केली. वाडी शहाणी झाली म्हणायची. पुढच्या आषाढात सगळे खालच्या गावात पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन राहिले आणि पाऊस सरल्यावर परत आले.

त्या शेडनंच घोटाळा केला. गोदाबाईंना आधीच दमा. खालून ओल, वरून थेंब. त्यांना तिथे न्यूमोनिया झाला आणि तालुक्याच्या दवाखान्यात सलाईन लावून पडावं लागलं. डॉक्टरांनी जयसिंगला बजावलं, म्हातारीला परत त्या शेडमध्ये नेऊ नका. म्हणजे यंदा पावसाळा आला तेव्हा हिशेब सरळ होता. जयसिंगची बायको पोरांना घेऊन माहेरी जाणार, जयसिंग गुरांपाशी राहणार, आणि गोदाबाईंना जायला जगात एकच कोरडं घर होतं. कात्रजचं.

‘‘आये, माझ्याकडं ये,’’ चांगुणाबाई फोनवर म्हणाल्या.

‘‘आन खाऊ काय? केळी?’’

‘‘आता काय धरून बसलीस ते? लोक चंद्रावर चाललं.’’

‘‘चंद्रावर त्यांची लेक दिलेली नसंल,’’ गोदाबाई म्हणाल्या आणि फोन जयसिंगच्या हातात दिला.

श्रावण लागला आणि पावसानं जी धार धरली ती सोडेचना. ओल्या शेडच्या धास्तीनं वाडी यंदा दोरीवर डोळा ठेवून वरच थांबली होती. एका सकाळी जयसिंगचा फोन आला. दोरी पुन्हा तुटली होती. डब्यात वीतभराच्या वर पाणी होतं. वाडी खाली निघाली होती. ‘‘आक्का, आये चुलीपासून उठंना. उचलाया गेलो तर शाप देती. तूच ये.’’ त्याचा आवाज रडवेला झाला होता.

रंगरावांनी सगळं ऐकलं, छत्री उचलली आणि बाहेर गेले. तासाभरात बोळाच्या तोंडाशी शंभूचा टेम्पो उभा होता. शंभू वेल्ह्याकडून मार्केट यार्डात भाजी आणतो. तो रिकामा परत निघाला होता. चांगुणाबाई त्याच्या शेजारी बसल्या. त्या दिवशी निम्म्या पुण्यानं काय खाल्लं, कोण जाणे.

नसरापूर मागे पडलं आणि चांगुणाबाईंना कळून चुकलं, की आपल्याला आज आईला काय सांगावं लागणार आहे. ती गोष्ट त्यांनी वाडीत कुणाला सांगितली नव्हती. त्यांची पाळी बंद होऊन वर्षं झाली होती. दर पंचमीला गोदाबाई त्यांची ओटी भरायच्या, देवळात नेऊन नारळ ठेवायच्या आणि देवाच्या कानाशी पुटपुटायच्या, ‘औंदा तरी.’ चांगुणाबाई खाली मान घालून उभ्या राहायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. शेजारणींनी विचारणं सोडलं होतं. सासर दमलं होतं. रंगरावांनी तर फार पूर्वीच तो विषय मिटवून टाकला होता, आणि तो इतक्या मायेनं मिटवला होता की त्यांच्यापुढे रडताही येईना. खरं सांगायचं तर चांगुणाबाईंनीही मनातून सगळं आवरून ठेवलं होतं. पण जगात एक माणूस अजून आपल्या लेकराची वाट बघतंय, हे त्यांना हवं होतं. हे कुणाला सांगण्यासारखं नाही, पण होतं खरं. सांगितलं असतं तर ती वाट बघणं थांबलं असतं.

वाडी ओळखू येत नव्हती. दारं उघडी, चुली थंड, गुरं वरच्या कातळाकडे मोकळी सोडलेली. झऱ्याचं पाणी चहासारखं वाहत होतं. घराचं मागचं दार आता लागतही नव्हतं आणि उघडतही नव्हतं. जयसिंग ओसरीत भिजत उभा होता आणि आत गोदाबाई चुलीपुढे बसून काटक्या सारत होत्या.

‘‘आये, ऊठ. टेम्पो उभा हाय.’’

‘‘तुझं तू जा. पोरानं तुला उगाच बोलवलं.’’

‘‘डोंगूर येनार हाय आये खाली.’’

‘‘येऊ दे.’’

चांगुणाबाई तिच्या पुढ्यात बसल्या. ‘‘माझ्या घरी दोन घास खाल्लंस तर काय पाप लागंल तुला? लागू दे. म्या घेती माझ्या माथ्यावर.’’

‘‘पापाचं न्हाई गं,’’ गोदाबाई म्हणाल्या. आवाज एकदम खाली आला. ‘‘म्या देवाच्या दारात आडून बसलीया. त्याला सांगितलंय, माझ्या लेकीची कूस उजव, तवाच म्या तिच्या घरी जेवीन. म्या उठले तर त्यो म्हनंल, सुटलो. म्हातारी दमली. मंग तुला कोन देनार?’’

चांगुणाबाईंना वाटलं होतं, ही रीत आहे. हट्ट आहे. तीस वर्षं केळी खाऊन आणि वाळल्या भाकरी भिजवून आई त्यांच्यासाठी धरणं धरून बसली आहे, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. मागे कुठेतरी मातीचं ढेकूळ सुटून धपकन पडलं. जयसिंगनं बाहेरून हाक मारली.

‘‘आये,’’ त्या म्हणाल्या, ‘‘माझी पाळी बंद झाली. लई वर्सं झाली.’’

गोदाबाईंनी काटकी हातात तशीच धरली. चुलीच्या उजेडात त्यांचं तोंड दिसत होतं आणि त्या तोंडावरचं बघवत नव्हतं.

‘‘मला सांगितलं न्हाईस.’’

‘‘तू वाट बघायची थांबली आसतीस.’’

 गोदाबाईंनी तांब्यातलं पाणी चुलीवर ओतलं. त्यांच्या घरात पेटत्या चुलीवर पाणी कुणी ओतत नसे. धूर झाला, त्यांना खोकला आला. खोकता खोकताच त्या उठल्या, दाराशी टांगलेली औषधांची पिशवी घेतली आणि आडव्या पायवाटेनं लेकीचा हात धरून निघाल्या. मागे वळून पाहिलं नाही.

 कात्रजला पोचल्यावर गोदाबाई पडवीतच बसल्या. चांगुणाबाईंनी पांघरूण दिलं, ते घेतलं. ताट पुढे आणलं तर म्हणाल्या, ‘‘भूक न्हाई.’’ रंगराव कामावरून येताना डझनभर केळी घेऊन आले आणि सासूपुढे ठेवून गुपचूप आत गेले. गोदाबाईंनी केळ्यांकडे बघितलं.

‘‘जावई, ही तुमच्या घरची झाली की,’’ त्या म्हणाल्या, आणि केळीही तशीच राहिली. सकाळी चहासुद्धा नको म्हणाल्या. चांगुणाबाईंनी जोर केला नाही. जे काढून घ्यायचं होतं ते त्यांनी आदल्या दिवशीच आईकडून काढून घेतलं होतं. आणखी काय काढून घेणार?

दुपारी जयसिंगचा फोन आला. सकाळी गुरांना बघायला तो आणि पहाऱ्याची माणसं वर गेली होती. झरा भर पावसात आटलेला दिसला. परात बडवून सगळे आडवे कातळाकडे धावले, आणि कातळावरून त्यांनी बघितलं. डोंगराचा तो सगळा भाग, रस्ता, बोर्ड आणि उरलीसुरली झाडं घेऊन, हळू निघाला आणि मग हळू राहिला नाही. ‘‘घर न्हाई ऱ्हायलं आक्का. अंगन न्हाई. काईच न्हाई. मानूस एक गेलं न्हाई. गुरं बी हायेत.’’   ज्या घरासाठी चांगुणाबाई पोळपाटावर हात थांबवून बसायच्या, ते घर आता कुठेच नव्हतं. पंचमीला जायचं कुठे, असलं काहीतरी वेड्यासारखं त्यांच्या मनात आलं.

त्यांनी पडवीत येऊन आईला सांगितलं. गोदाबाईंनी आधी गुरांचं विचारलं, मग नातवंडांचं, जी सुखरूप मामाच्या घरी होती. मग पावसाकडे बघत बसल्या.

‘‘ट्रंकंत दुपटी ऱ्हायली,’’ त्या म्हणाल्या.

‘‘कसली दुपटी?’’

‘‘तुझ्या लेकराची. दर पावसाळ्यात एक शिवायची म्या. जुन्या लुगड्याची, मऊ. ट्रंक भरली हुती.’’

 चांगुणाबाई उंबऱ्यावर बसल्या. ‘‘मला म्हनायचं न्हाई का निगताना? म्या घेतली आसती.’’

‘‘आठवली मला. पर म्हनलं, आता कशाला.’’ गोदाबाईंनी पदरानं नाक पुसलं. ‘‘डोंगरानं नेली ते बरं झालं. माझ्यानं टाकवली नसती.’’

मग त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, सून जशी पहिल्यांदा आत येते तशा जपून उंबरा ओलांडून आत आल्या आणि ओट्याखाली भिंतीला टेकून बसल्या.

‘‘वाढ मला. भूक लागली.’’

चांगुणाबाईंनी तवा ठेवला. पीठ मळताना हातावर टिपं पडत होती, ती पुसली नाहीत. भाकरी फुगली, ती त्यांनी तव्यावरून थेट आईच्या ताटात टाकली. गोदाबाईंनी फुंकर घालून ती मोडली, कालवणात बुडवली आणि खाली मान घालून खाऊ लागल्या. सावकाश, एकेक घास चावून. तीस वर्षं चांगुणाबाईंनी हेच मागितलं होतं. आई त्यांच्या घरात, त्यांच्या हातचं जेवत होती, आणि त्यांना वाटत होतं, की तिनं अजून थोडे दिवस जेवू नये.

‘‘आनखी अर्धी दे,’’ गोदाबाई म्हणाल्या, आणि चांगुणाबाईंनी अर्धी वाढली.